सलामीत बटन कोण दाबतं?

“दुसऱ्यांदा नापास झालो तर कन्सोलचं विसरायचं. आणि मग तुझी ती खोलीपण मला चालवता येणार नाही, मनीषा.”

आमच्या मालकांनी, अभिजित सरांनी, हे मला ऑफिसच्या जिन्यातच सांगितलं. मी डबा आणि पर्स सांभाळत वर चढत होते, ते खाली उतरत होते. सांगून झालं आणि गेले गाडीकडं. मला पुढं बोलायला जागाच ठेवली नाही. सकाळी सकाळी असं डोकं फिरलं ना, की दिवसभर माझं कुठंच बूड टेकत नाही. डबा टेबलावर ठेवला, परत उचलला, खिडकीत ठेवला आणि मग तो कुठं ठेवला तेच विसरले.

आमचं ऑफिस सांगलीत, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर. आम्ही व्हिडिओ गेम बनवतो. असं सांगितलं की लोक जरा वेळ तोंडाकडं बघतात. वडूजला माझी आई शेजारणींना अजून “कॉम्प्युटरमध्ये हाय” एवढंच सांगते, आणि ते बरं पडतं. माझं काम टेस्टिंगचं. गेम तयार होत असताना तो रोज खेळायचा, मोडायचा प्रयत्न करायचा, आणि मोडला की कसा मोडला ते बनवणाऱ्याला सांगायचं. गेममधल्या चुकीला आम्ही बग म्हणतो. बग सापडला की प्रोग्रॅमर रुसतो, नाही सापडला की मालक रुसतो. अशी ही नोकरी.

सर ज्या खोलीबद्दल बोलत होते तिथं माझे चार टेस्टर बसायचे. ती खोली मी भांडून मिळवली होती. सरांना टेस्टिंग पुण्यातल्या एका कंपनीला द्यायचं होतं. मी म्हटलं, गेम मातीतल्या कुस्तीचा. नावच ‘हौदा’, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा. पुण्यात एसीत बसलेल्या पोराला ढाक कुठली आणि कलाजंग कुठला हे कोण शिकवणार? ज्यांनी मैदानं बघितलीत अशी इथलीच माणसं घेते. घेतली. पोपटअण्णा लष्करातून रिटायर झालेले, तरुणपणी औंधच्या यात्रेत कुस्त्या केलेले. सायली तासगावकडची, शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत कुस्ती खेळलेली. बाकी दोघांच्याही घरात कुणी ना कुणी तालमीत जाणारं होतंच. चौघांनी गेमचा पार भुगा पाडला होता. पट काढताना पैलवानाचा पाय जमिनीत घुसतो, पंच मध्येच गायब होतो, चितपट झालेला गडी उताणाच चालायला लागतो, असले ढीगभर बग त्यांनी काढले होते. मला त्यांचा अभिमान होता. आता खोली बंद म्हणजे चौघं घरी.

आता नापास कुठं झालो, ते सांगते. मोबाइलवरचा गेम तयार होता. त्याची काही कटकट नव्हती. पण तोच गेम कन्सोलवरही यायचा होता. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा, हातात बटनांचा कंट्रोलर घेऊन खेळायचा. त्या डब्यावर कुणीही उठून गेम टाकू शकत नाही. डबा बनवणाऱ्या कंपनीची माणसं तुमचा गेम आधी स्वतः खेळून तपासतात. त्याला सर्टिफिकेशन म्हणतात. आरटीओत गाडीचं पासिंग असतं, तसलाच प्रकार.

तारखेचीही गोम होती. त्या महिन्यात एक मोठा नेमबाजीचा गेम येणार होता, एक मोटारींच्या शर्यतीचा, एक भुताखेतांचा. सगळे कोट्यवधींच्या जाहिराती घेऊन. आमचा पब्लिशर, म्हणजे गेम बाजारात नेणारी कंपनी, बेंगळुरूची. त्यांनी नेमबाजी आणि मोटारींच्या मधला एक शुक्रवार शोधून ठेवला होता. मोबाइल आणि कन्सोल, दोन्हीकडं एकाच दिवशी. तो शुक्रवार हुकला की मोटारी आल्या, आणि मग आमच्या पैलवानांकडं बघतंय कोण!

सर्टिफिकेशनवाल्यांचा निरोप दोन ओळींचा होता. कुस्ती सुरू व्हायच्या आधी गेम अडकतो, वारंवार अडकतो. सोबत छोटा व्हिडिओ. त्यात दोन पैलवान सलामी देताना दिसत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कुस्ती लागण्याआधी दोघं हौद्यातली माती उचलून कपाळाला लावतात, एकमेकांच्या अंगावर टाकतात, हात मिळवतात, आणि मगच झुंजायला लागतात. आमच्या गेममध्ये ते सगळं छान दाखवलं होतं, दहाएक सेकंदांचं. व्हिडिओत दोघांनी हात मिळवले होते आणि ते सुटतच नव्हते. मागं हलगी वाजत होती, पब्लिक ओरडत होतं, आणि हे दोघं एकमेकांचा हात धरून पुतळ्यासारखे उभे.

आम्ही तोच गेम लावला. अडकला नाही. परत लावला. चौघांनी चार डब्यांवर लावला. सलामी व्हायची, हात सुटायचे, कुस्ती लागायची. दिवसभर तेच. बग सापडला की त्याच्याशी भांडता येतं हो, जो येतच नाही त्याचं काय करायचं? बटनं कशीही बडवून बघणं हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तेही केलं होतं. मेनूत बडवली, कुस्ती चालू असताना बडवली, निकाल लागताना बडवली. काही नाही.

नितीन आमचा प्रोग्रॅमर. त्याचं म्हणणं, मैदानातलं पब्लिक फार आहे, डब्याला भार होतोय. त्यानं अर्धं पब्लिक काढून टाकलं. मग हलगी काढली. मग माती उडायची कमी केली. गेम आपला सुरळीत चालत होता, आधी चालत होता तसाच. शेवटी तो म्हणाला, त्यांच्याच डब्यात काहीतरी गडबड असणार. मी म्हटलं, मग तसं लिहून पाठव, की साहेब तुमचा डबाच खराब आहे. तो उठून चहाला गेला.

मी खोलीत येरझाऱ्या घालत होते. एकाच्या खांद्यावरून बघ, दुसऱ्याच्या बघ, परत पहिल्याकडं ये. मला बघूनच सायलीचे डाव चुकायला लागले, तरी मला थांबता येईना. अण्णा म्हणाले, “ताई, जरा दमानं घ्या. सापडंल.” मी त्यांच्यावर वसकले. म्हटलं, अण्णा, दम तुमच्याकडंच ठेवा, तुमचीच नोकरी चाललीय. बोलले आणि जीभ चावली. जिन्यातलं बोलणं मी तोपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. चौघंही माझ्याकडं बघायला लागले. मग सांगावंच लागलं.  सगळ्यांनी गेम परत लावला.

दुसऱ्या दिवशी बेंगळुरूहून कविता मॅडम आल्या. पब्लिशरच्या बाई. गेम परत पासिंगला पाठवायचा की कन्सोलचा नादच सोडायचा, हे त्या ठरवणार होत्या. पुणे-बेंगळुरू रस्त्यावर कुठंतरी तासभर अडकून आलेल्या, उपाशी, वैतागलेल्या. खोलीत आल्या आणि हिंदीत म्हणाल्या, मला बोलणं नको, गेम दाखवा. सायलीनं उठून त्यांना खुर्ची दिली. सर मागं भिंतीला टेकून उभे. 

सलामी सुरू झाली. पैलवानानं माती उचलली. आणि मॅडमनी दोन्ही अंगठ्यांनी बटनं बडवायला सुरुवात केली.

“आवं म्याडम, सलामी चाललीया!”

पोपटअण्णा खुर्चीतून अर्धे उठले होते. सायलीनं तोंडावर हात घेतला. खरं सांगते, मलासुद्धा आधी तेच वाटलं, की अगं बाई, ही करतेय काय! देवळात कुणी चपला घालून शिरावं तसं. आमच्यातल्या कुणाचंच लक्ष स्क्रीनकडं नव्हतं. मॅडमच म्हणाल्या, “अरे, ये तो अटक गया.”

दोन पैलवान हात धरून उभे. हलगी चालू.

मी मॅडमच्या हातातून कंट्रोलर जवळजवळ ओढूनच घेतला. परत लावला, सलामीत बटन दाबलं. अडकला. परत अडकला. नितीन कॉम्प्युटरकडं पळाला आणि थोड्या वेळानं कान लाल करून आला. झालं होतं असं की सलामीत बटन दाबलं की गेम पैलवानाला म्हणायचा, डाव टाक. पैलवान म्हणायचा, माझा हात धरलाय, सुटल्यावर टाकतो. आणि हात म्हणायचा, त्याचा डाव टाकून झाल्यावर मी सुटतो. दोघं एकमेकांसाठी थांबून राहायचे, जन्मभर. मोबाइलवर हे कधी झालं नाही, कारण तिथं बटनं स्क्रीनवर दिसतात ती सलामी संपल्यावरच. कन्सोलवर बटनं कायम हातात.

इतक्या दिवसांत, इतक्या खेळांत, चौघांतल्या एकानंही सलामीत बटन दाबलं नव्हतं? मी विचारलंच. सायली म्हणाली, सलामी लागली की तिचे हात आपोआप मांडीवर येतात. बाकीच्या दोघांनी माना हलवल्या. अण्णांना तर माझा राग आला.

“सलामीत हात उचलतो व्हय कोण, ताई? मग ती कुस्ती न्हवं, मारामारी झाली.”

मॅडमना हे हिंदीत सांगता सांगता अभिजित सरांना हसू फुटलं. मला नाही फुटलं. मी ज्या कारणासाठी ही माणसं घेतली होती, त्याच कारणानं आम्ही नापास झालो होतो. आणि हे सरांच्या लक्षात यायला किती वेळ लागणार, याचाच मी हिशोब करत होते.

मॅडमचं म्हणणं सोपं होतं. सलामी काढून टाका. नाहीतर वगळायची सोय द्या, बाहेरच्या खेळणाऱ्याला कंटाळा येतो. अण्णांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि हात बांधून बसले. नितीन म्हणाला, सलामीपुरती बटनं बंद करतो. मी नको म्हटलं. बटन दाबून काहीच झालं नाही तर माणसाला वाटतं कंट्रोलर बिघडला, आणि तपासणारे त्यावरही बोट ठेवतात. मग सायली हळूच म्हणाली, “मैदानात असं कुणी केलं तर पंच गप बसतोय व्हय? दोघास्नी बाजूला करतोय, ताकीद देतोय, आणि सलामी परत पहिल्यापास्नं.”

नितीननं संध्याकाळपर्यंत ते बसवलं. सलामीत बटन दाबलं की पंच मध्ये येतो, बोट दाखवतो, सलामी पुन्हा सुरू. तरीही दाबत राहिलात तर कुस्ती गमावलीत, घरी जा. मॅडमनी तीनदा मुद्दाम कुस्ती गमावली आणि तिन्ही वेळा हसल्या. म्हणाल्या, पाठवा.

पण पाठवायच्या आधी ते तपासायचं होतं. नवीन गोष्ट घातली की तिच्यासोबत नवीन बगही येतात, हे न चुकता. मी चौघांना सांगितलं, आता दुसरं काही करायचं नाही, फक्त सलामी मोडायची. पोरं बिचकत बिचकत का होईना, लागली. अण्णांचा अंगठा काही हलेना. बटनावर ठेवायचे, माती कपाळाला लागली की उचलून घ्यायचे. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, अण्णा, हे खोटं आहे, चित्र आहे. ते म्हणाले, ठावं हाय. मग त्यांनी स्क्रीनला नमस्कार केला, कानाला हात लावला, “चुकलं माकलं माफ कर” म्हणाले, आणि दाबलं. पंचानं त्यांना बोट दाखवलं. अण्णांनी मान खाली घातली, खरोखर घातली, आणि परत दाबलं. मला रडू यायला लागलं म्हणून मी उठून बाहेर गेले.

गेम पास झाला. ठरल्या शुक्रवारी मोबाइलवर आणि कन्सोलवर एकदमच आला. नेमबाजीवाल्यांनी आमची दखलही घेतली नाही, पण आठवडाभर आम्हाला मोकळं मैदान मिळालं आणि ते आम्हाला पुरलं. परदेशातल्या एकानं लिहिलं, कसला उर्मट गेम आहे, मी हात मिळवताना ठोसा मारला तर मला हाकलून दिलं. अण्णांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

मग सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. जे माझ्या मनात होतं तेच त्यांनी विचारलं. “चौघांना सगळं दिसतं आणि चौघांना एकच गोष्ट दिसत नाही. मग चौघं कशाला? दोघं पुरे.”

मी उभीच होते. म्हटलं, “सर, पंचाची युक्ती पुण्याच्या कंपनीनं दिली असती? चौघं पाहिजेतच. वर पाचवं द्या, ज्याला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही.”  मला वाटलं आता नाही म्हणणार. म्हणाले, बघ शोधून.

धंद्यात शिकलेलं सांगायचं तर एवढंच. आपली माणसं आपल्या कामातल्या सगळ्या चुका पकडतात. फक्त जी चूक करायची त्यांना लाज वाटते, तेवढी सोडून.

मुलाखती मी सोप्या ठेवल्या. कंट्रोलर हातात द्यायचा, ‘हौदा’ लावायचा आणि गप्प बसायचं. सलामीला जो थांबला त्याला चहा पाजून परत पाठवला. असे बरेच परत गेले, हे सांगली आहे. शेवटी मिरजेच्या माधुरीबाई आल्या. माती उचलायच्या आत तुटून पडल्या, पंचानं ताकीद दिली तर मला म्हणाल्या, हा कोण मध्ये मध्ये करणारा? तिथंच घेतल्या. अण्णा अजून त्यांच्या स्क्रीनकडं बघत नाहीत. पण चौघंही रोज कामावर येतात.