मिठागरातला शर्ट

मंडळी, आज आईने माझी चांगलीच जिरवली.

रामवाडीत आमच्या सोसायटीच्या होळीला 'आपली गावाकडची वेशभूषा' होती. लेकीसाठी मी भाड्याने कोळणीचा ड्रेस आणला. चकचकीत लुगडं, टोपलीत प्लास्टिकचे मासे!

आई म्हणाली, "ही कोण गो?"

"आपणच की."

"आपण मासं कधी इकलं? मी मिठागरात होते."

तिने ट्रंकेतून बाबांचा लांब बाह्यांचा जुना शर्ट काढला आणि नातीला लुगड्यावर घातला. मिठाचं पाणी हातांना झोंबू नये म्हणून आई मिठागरात तो तसाच लुगड्यावर घालायची. शाळेत मला न्यायला यायची तेव्हा मी चिडायचे, "तो शर्ट काढून ये ना!"

आज स्टेजवर लेकीने माईकमध्ये ठणकावून सांगितलं, "मी माझी आजी झालेय."

तुम्ही लहानपणी घरातलं काय लपवायचात?