प्रमिलाचा तिसरा मुद्दा

पुणे सोडताना माझ्या मांडीवर दोन गोष्टी होत्या, नातीनं भरून दिलेला डबा आणि एक जुनी फाइल. डबा दौंडच्या आधीच संपला. फाइल मात्र उघडावीशी वाटेना.

नागपूरच्या एका व्यवस्थापन महाविद्यालयानं मला 'नोकरी आणि वाचन' या विषयावर बोलायला बोलावलं होतं. तरुणपणी मी नागपुरात एका जाहिरात संस्थेची शाखा सांभाळायचे. व्यवस्थापनावरची इंग्रजी पुस्तकं कोळून प्यालेली बाई, अशी माझी ख्याती होती. खरी गोष्ट अशी, की पुस्तकं मी विकत घ्यायचे आणि वाचायची आमची टंकलेखिका प्रमिला. प्रत्येक पुस्तकाचं ती एक पान टाइप करून द्यायची. पानावर तीन मुद्दे, आणि तिसरा नेहमी सरस. ते पान मी रिक्षात पाठ करायचे आणि बैठकीत गॉगल डोक्यावर सरकवून म्हणायचे, "परवाच वाचत होते..." बंद खोलीत गॉगल कशाला लागायचा, देव जाणे.

हे भाषणात सांगावं की नाही, ते ठरवायला अख्खा प्रवास हाताशी होता. मी झोपून काढला.

प्रमिला आता उमरेडला राहते. भाषण दुसऱ्या दिवशी होतं, म्हणून आधी तिला गाठायचं ठरवलं. नागपूरच्या बसस्थानकाबाहेर सांबारवडी खाल्ली (इथे सांबार म्हणजे कोथिंबीर). गाडीवाल्यानं विचारलं, "आजी, तर्री टाकू का?"

"थोडीशी."

"थोडीशी तर्री नसते जी."

नव्हतीच. डोळे पुसत भिवापूरच्या बसमध्ये चढले, खिडकीशी डुलकी लागली आणि उमरेड मागे पडलं. उतरले ती थेट भिवापूरला, वाळत घातलेल्या लाल मिरच्यांसमोर. याच मिरचीच्या तिखटाची जाहिरात मी एके काळी नागपुरात पंख्याखाली बसून लिहिली होती, 'मातीचा हळुवार सुगंध' वगैरे. तिथे उभी राहून मी सलग नऊ शिंका दिल्या. मिरच्या वरखाली करणाऱ्या बाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

परतीच्या बसनं दुपारी उमरेडला पोचले. प्रमिला दारातच होती. केस पांढरे, नजर तीच.

"काहून आल्या म्याडम? पुस्तक आणलं का वाचायले?" ती म्हणाली, आणि आत वळून सुनेला, "चाय मांड वं."

मागच्या खोलीत एक हातमाग होता. त्यावर आता टॉवेल वाळत होते. मी फाइल उघडली आणि तिनं टाइप केलेल्या जुन्या पानांतला माझा सगळ्यात लाडका तिसरा मुद्दा वाचला : काम बिघडलं तर आधी त्या माणसाच्या जागी स्वतः बसून पाहा, मग त्याला बोला.

"हे कोणत्या पुस्तकातलं गं?"

"पुस्तक नाही जी. तो माहा बाप होय," प्रमिला म्हणाली. "कापडात खोट आली का तो कारागिराले रागवत नव्हता. पहिले त्याच्या मागावर बसून दोन हात विणून पाहे. माग खराब असंल तर माग दुरुस्त करे."

मुंबईच्या एका मोठ्या कंपनीसमोर मी हा उमरेडचा माग 'अमेरिकेतलं ताजं संशोधन' म्हणून मांडला होता. एका साहेबानं लेखकाचं नाव विचारलं, तेव्हा मला खोकल्याची उबळ आली होती.

"आणि मी दिलेली पुस्तकं?"

"पहिली वाचली ना सगळी. मंग जाहिराती लिहायची जागा निघाली, मी अर्ज केला. तुमी त्याच्यावर शेरा लिहिला, वाचन अपुरं. तुमच्याचसाठी वाचून राहिली होती मी. त्या दिवसापासून एकबी पुस्तक उघडलं नाही. बाप होता घरी, त्यालेच टाइप केलं."

चहा कढत होता, तरी मी एका दमात प्याले.

"उद्या येशील भाषणाला?"

"येईन. पण मांगं बसन."

महाविद्यालय बुटीबोरीच्या रस्त्यावर होतं. प्राचार्यांनी माझ्या वाचनाची भरघोस ओळख करून दिली. मग मी उभी राहून सगळं सांगितलं : गॉगल, पाठ केलेली पानं, प्रमिलानं घातलेली टोपी, तिच्या वडिलांचा माग. मुलं पोट धरून हसली. एका मुलीनं विचारलं, "म्याम, आता फोनच मिनिटात सारांश देतो. मग पुस्तक वाचायचं कशाला?"

म्हटलं, "नका वाचू. फक्त सारांश देणाऱ्यानं तरी पुस्तक उघडलं होतं का, एवढं विचारा."

टाळ्या पडल्या. मी खूश होऊन मागे पाहिलं. प्रमिला मान खाली घालून काहीतरी लिहीत होती.

स्टेशनवर तिनं एक घडी केलेला कागद हातात ठेवला. "गाडीत वाचा. मोठं नाही."

वर्धा गेल्यावर उघडला. या वेळी हातानं लिहिलेलं, पण तसेच तीन मुद्दे. एक, म्याडमले बोलता येते. दोन, बापाचं बरोबर सांगितलं, मले आवडलं. तीन, अर्जाचं राहिलं.

खिडकीबाहेर कपाशीची रिकामी शेतं मागे पळत होती. ज्या चुकीवर लोक हसतात आणि म्हातारीला माया लावतात, ती मी मिरवून आले होते. जिच्यावर कुणी हसलं नसतं ती गिळली होती, आणि मला ते कळलंसुद्धा नव्हतं. तरुणपणीची ती गॉगलवाली बाई मेली, असं मी समजत होते. ती तर माझ्याच तिकिटावर नागपूरला जाऊन आली.

भाषण काही परत देता येत नाही. म्हणून इथे लिहिते. प्रमिलानं जाहिराती लिहिण्याच्या जागेसाठी अर्ज केला होता. आमच्या कचेरीत तेव्हा पुस्तकं वाचणारी ती एकटीच होती. शेरा माझा होता, आणि खाली सहीसुद्धा माझीच.