माझ्या टेपमधली चिप

माझी नणंद टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली आणि तिने माझं जेवणाचं टेबल बळकावलं. लग्न का नाही केलंस, असं कुणी विचारलं की म्हणते, "सोल्डरिंग चालू होतं, उठता आलं नाही." कुठेच दुरुस्त होत नाहीत असे जुने टेप, रेडिओ तिच्याकडे येतात आणि मी ताट मांडीवर घेऊन जेवते.

या वेळी आला होता गाण्याच्या मास्तरांचा अॅम्प्लिफायर. मास्तरांची दृष्टी गेलेली, राहतात एकटे. अॅम्प्लिफायरची बटणं त्यांच्या बोटांना पाठ. नवीन आणून दिला तर हातही लावणार नाहीत. आतली चिप जळाली होती, आणि तसली चिप बनणं केव्हाच बंद झालंय. बाजारातून आणलेलीवर नणंदेने स्पिरिटचा बोळा फिरवला, तर वरचे आकडेच पुसले गेले. नकली!

"वहिनी, तुमच्या टेपमध्ये तीच चिप आहे."

"असू दे. तिथेच राहील."

मग तिने दुसऱ्या जातीची शोधली. काम तेच, पण चिपच्या धातूच्या पायांचा क्रम वेगळा. केसाएवढ्या तारांनी एकेक पाय योग्य जागी नेला. पण परक्याच्या यंत्रावर प्रयोग करायचा नाही, हा तिचा नियम. म्हणजे प्रयोग माझ्या टेपवर.

"जळला तर?"

"घरातलाच जळेल ना!"

माझी चिप काढून तिने नवी बसवली आणि विजेच्या वाटेत एक बल्ब जोडला. तो भगभगत राहिला तर आत शॉर्ट. बटण दाबलं. बल्ब लखलखला आणि मंद झाला. टेप वाजू लागला. मी हुश्श करणार, तोच तिने चिपवर टेकवलेलं बोट झटक्यात मागे घेतलं.

"बंद करा, वहिनी! बंद!"

चिप आतल्या आत किंचाळत होती म्हणे, माणसाला ऐकू येणार नाही अशा बारीक सुरात. म्हणून तापली. तो सूर दाबायला नणंदेने चिपच्या पायांना अगदी चिकटून एक छोटा कपॅसिटर लावला. पुन्हा बटण, पुन्हा बोट. या वेळी बोट तिथेच राहिलं. तासभर टेप वाजला.

तरी हिचं तोंड उतरलेलंच.

"आता आणखी काय?"

"आज चिप गार आहे. उद्या एखादा टाका सुटला तर इथे मी आहे. मास्तरांकडे धूर निघाला तरी त्यांना दिसायचा नाही."

मला आडवळणाने मागितलेलं खपत नाही.

"माझी जुनी कुठंय?"

"बरणीच्या झाकणात."

"मग घाल की त्यांच्यात! माझ्या तोंडाकडे काय बघतेस?"

मास्तरांचा अॅम्प्लिफायर वाजत घरी गेला. इकडे माझा टेप सुरू झाला की ही हातातलं टाकून येते, मागून बोट लावून बघते आणि जाते. गाणं कुठलं लागलंय, विचाराल तर सांगता यायचं नाही.