पाच किलोच्या आत

टूथब्रशचा दांडा मी हॅक्सॉच्या पात्यानं कापला आणि उरलेला ब्रश सॅकमध्ये टाकून सॅक पुन्हा वजनकाट्यावर ठेवली. आकडा हललाच नाही. मला इतका राग आला, की मी पेस्टची ट्यूबही अर्धी पिळून बेसिनमध्ये घालवली.

नवरा गेल्यापासून मला घरात बसवत नव्हतं. जुन्नरातलं आमचं घर चांगलं ऐसपैस आहे. पण या खोलीतून त्या खोलीत, तिथून गच्चीवर, गच्चीवरून परत खाली, असं दोन वर्षं चाललं होतं. गॅसवर चहा उकळत असायचा आणि मी पायात चपला घालून दारात उभी. चालायला लागलं की बरं वाटायचं. म्हणून ठरवलं, एकदा पोटभर चालून घ्यायचं. नाणेघाटातून निघायचं आणि कड्याकड्यानं, वाड्यावस्त्यांवर मुक्काम करत भीमाशंकरला पायी पोचायचं. आडवा आला उजवा गुडघा. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "जायचं तर यंदाच जा. पाठीवर पाच किलोच्या वर नको. गुडघा सुजला की जिथं असाल तिथं थांबायचं. मग ऑपरेशन, आणि डोंगर विसरायचे."

झालं, मला नवा चाळा मिळाला. सॅकचे फालतू पट्टे कापले, कपड्यांची लेबलं उसवली, टॉवेलचे दोन तुकडे करून एकच घेतला. ओढणी तर पहिल्याच दिवशी बाद केली. डिंगोऱ्याहून माझा थोरला भाऊ भेटायला आला, तेव्हा मी चिक्कीच्या वड्यांचे कागद सोलत बसले होते.

"काय चाललंय हे?" तो म्हणाला. "आता नखं बी काप. तेवढंच वझं कमी."

"कापलीत," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

भाताची काढणी उरकत आली होती तेव्हा निघाले. पाठीवर काही आहे असं वाटतच नव्हतं. पण या डोंगरात एक भानगड आहे, दारावरून गेलेल्या माणसाला रिकामं जाऊ देत नाहीत. घाटघरात एकीनं भाकऱ्या बांधून दिल्या, पुढं एकीनं शेंगा. मी नियम केला, मिळेल ते तिथंच उभ्यानं खायचं. पोटातलं वजन गुडघ्याला लागत नाही, अशी स्वतःची समजूत घालून मी खात सुटले. दुर्गवाडी मागे पडली, ढाकोबा मागे पडला. गुडघा कुरकुरत होता, पण सुजला नव्हता.

आहुप्याच्या अलीकडच्या एका वाडीत रात्री राहिले. घरात एकटी म्हातारी. सकाळी निघताना तिनं विचारलं, "म्हायेर कुठलं गं तुजं?"

"डिंगोरे."

"मंजी आमच्याच अंगाची लेक की! थांब."

ती आत गेली आणि सूप घेऊन आली. सुपात नवा तांदूळ, नारळ, खण, हळकुंड. माझ्या अंगावर ट्रॅकपँट आणि टी-शर्ट. "पदर कुठाय?" म्हणाली, आणि दोरीवरचं धुतलेलं लुगडं ओढून त्याचं टोक तिनं माझ्या खांद्यावर टाकलं.

मी मागं सरले. "मावशी, माझे मालक नाहीत आता."

"मंग? माजं बी न्हाईत. म्हून लेकीनं दारातनं रिकामं जायाचं व्हय?"

हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली त्याचं मला दुःख नव्हतं, तिथं मी तशीही कंटाळायचे. पण माहेराहून निघताना वहिनी हातावर नुसती साखर ठेवायची आणि दुसरीकडं बघायची, ते फार लागायचं. म्हातारी ओंजळीनं तांदूळ घालत राहिली. मी रडत होते, आणि त्यातच मनाचा एक कोपरा, लाज नाही त्याला, वजनाचा अंदाज घेत होता. दोन किलो तरी भरलं असतं.

ते सगळं टॉवेलात बांधून मी सॅकमध्ये घातलं आणि निघाले. वाडीबाहेर येऊन सॅक उघडली. ओटी वाटेत टाकत नाहीत, घरी नेऊन शिजवून खातात. मी काही देवभोळी बाई नाही. नारळ झाडाखाली ठेवला असता तर कुणी विचारणार नव्हतं. दोनदा ठेवलाही, आणि दोनदा उचलला. मग दुसरं काय काढावं म्हणून शोधलं, तर काढण्यासारखं मी काही ठेवलंच नव्हतं.

आहुप्याच्या चढानं गुडघा गेला. गावात पोचेपर्यंत तो फुगून पँटमध्ये मावेना. भीमाशंकर एका दिवसाच्या चालीवर उरलं होतं. मी देवळाच्या कट्ट्यावर बसून डॉक्टरांना, गुडघ्याला, त्या म्हातारीला, सगळ्यांना शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी घोडेगावच्या एसटीत बसले.

डिंभ्याजवळ फोनला रेंज आली आणि लगेच भावाचा फोन.

"पोचलीस का भीमाशंकरला?"

"नाही. गुडघा सुजला. वजन जास्त झालं."

"एवढं कापून कापून? काय भरलं व्हतंस एवढं?"

"एका बाईनं ओटी भरली माझी."

फोन स्पीकरवर असणार, कारण मागून वहिनीचा आवाज आला.

"वन्सं, जुन्नरला जाऊ नका. आदी हिकडं या. आवंदा मी..."

एसटी वळणावर कलली. मी सॅक मांडीवर घट्ट धरली.

"येते," मी म्हणाले. "पण वहिनी, नारळ जरा लहानच बघा. दुखतंय हो फार."