दोन खाली

“काही माणसं जातात, तेव्हा त्या शहराचा एक सूर कायमचा हरपतो.” हे वाक्य माझं नाही. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष देवपुजारी यांनी ते यशवंत मेश्राम यांच्या शोकसभेत उच्चारलं. त्याआधी त्यांनी ते एका किराणा व्यापाऱ्याच्या शोकसभेतही उच्चारलं होतं आणि त्या व्यापाऱ्याला दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. तरी सभागृहात सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मी व्यासपीठावर कीबोर्डमागे बसलो होतो आणि वर बसलेल्याला मान हलवावीच लागते.

ज्यांच्यामुळे जबलपूरचा सूर टिकून होता असं त्या दिवशी आम्हाला समजलं, ते मेश्रामजी कीबोर्ड उजव्या हाताच्या तीन बोटांनी वाजवत. डावा हात मांडीवर असे. वाजवत तेही एकाच पट्टीत, पांढरी एक. गाणारा कुठल्याही उंचीवर गाऊ दे, त्यांची बोटं त्याच पांढऱ्या पट्ट्यांवरून फिरायची. सूर वरखाली करायचं काम कीबोर्डवरचं बटण करायचं. एकदा दाबलं की अख्खं मशीन अर्ध्या सुरानं खाली, शेजारचं दाबलं की वर. मी तरुणपणी नागपूरला मामांकडे राहून, एका तापट गुरुजींसमोर मांडी घालून, पेटीवर बाराही पट्ट्या घोटल्या होत्या. गुरुजी चुकलेल्या बोटावर पट्टी मारत. मेश्रामजींना कुणी मारलं नव्हतं आणि टाळ्या त्यांनाच मिळत.

त्यांची आणखी एक सवय होती. कार्यक्रमात भाषणं सुरू झाली की ते कीबोर्डचा आवाज पूर्ण खाली करत आणि अधूनमधून एका पट्टीवर हळूच बोट टेकवत. आवाज काही येत नसे. पण बोलणाऱ्याला वाटे, काय रसिक माणूस आहे, मुद्द्यामुद्द्याला दाद देतो. देवपुजारी तर त्या बोटाकडे पाहूनच बोलत. बोट टेकलं की त्यांना आणखी एक उपमा सुचे. मी त्या दादेला लाचारी म्हणत असे. अर्थात घरी, कुमुदसमोर. कुमुद म्हणजे माझी बायको. तिचा या गोष्टीशी संबंध आहे, किंबहुना गोष्ट तिच्याच गळ्याची आहे.

मेश्रामजी विजेच्या खात्यातून चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. जबलपूरच्याच गोरखपूर मोहल्ल्यात दुमजली घर, दारात गाडी, अंगात कडक इस्त्रीचा बुशशर्ट. आम्ही शहराच्या दुसऱ्या भागात, गढ्याला, भाड्याच्या घरात, मी शाळेत इतिहास शिकवणारा. आमच्या वाडवडिलांच्या काळात नागपूर महाराष्ट्रात गेलं, जबलपूर इथेच राहिलं आणि आम्ही जबलपूरबरोबर राहिलो. मुलं हिंदीत भांडतात, मराठीत फक्त ऐकतात. वर्षातून दोनचारदा मंडळाच्या कार्यक्रमात मराठी गाणी होतात. त्या गाण्यांना पेटीची साथ माझी असे आणि गाणारी बहुतेक वेळा कुमुद. शहरात माझं म्हणून जे काही स्थान होतं ते एवढंच, एका सतरंजीपुरतं.

मग मंडळाच्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला. कार्यकारिणीने ठरवलं की आता कीबोर्डच घेऊ. निवडीसाठी मी होतोच. देवपुजारी म्हणाले, “मेश्रामजींना पण घ्या. गोरखपूरात कुणाच्या घरी कीबोर्ड यायचा असला तर त्यांना विचारल्याशिवाय येत नाही.” हे खरं होतं. लोक स्थळ बघायला वडीलधाऱ्यांना नेतात तसे दुकानात मेश्रामजींना नेत.

दुकान बाजारात होतं. मंडळाची ऐपत जिथवर पोचत होती तिथवरचे तीन कीबोर्ड दुकानदाराने काउंटरवर मांडले. पहिला दिसायला छोटा, हलका, पण त्याच्या पट्ट्या इतक्या अरुंद की माझ्या एका बोटाखाली दीड सूर येत होता. दुसरा साधा, काळा, वाजवायला बरा. पण पट्टीवर हळू बोट ठेवा की जोरात, आवाज तेवढाच. तिसरा मात्र देखणा. निळा पडदा, शेकडो वाद्यांचे आवाज, बोटाच्या जोराप्रमाणे लहानमोठा होणारा सूर आणि डाव्या बाजूला एक चाक. ते फिरवलं की सूर मींड घेतल्यासारखा वळायचा. मी त्या चाकापाशी थांबलो तो थांबलोच.

मेश्रामजींनी वाजवून काही पाहिलंच नाही. त्यांनी तिन्ही मशीन एकेक करून उलटी केली. “अच्छा, याच्यात सेल पडतात. याच्यात पडतात. याच्यात नाही पडत.” तिसरं मशीन त्यांनी बाजूला सरकवलं, म्हणजे माझ्या हाताखालून.

“मेश्रामजी, अहो, आवाज तर ऐका,” मी म्हटलं.

“सरजी, बत्ती गेल्यावर कोणाचा आवाज ऐकता? मी खात्यातला माणूस आहे. मी बत्तीवर भरोसा नाही ठेवत.”

दुकानदार हसला. मग मेश्रामजींनी पहिला उचलून पाहिला, दुसरा बगलेत मारून दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊन आले. आवाज पूर्ण वाढवून रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले आणि मला हातानं खूण केली, वाजवा. मी, बारा पट्ट्यांचा माणूस, भर बाजारात त्यांच्या खुणेवर ‘सा’ वाजवत बसलो. परत येऊन त्यांनी विचारलं, “भैया, सूर नीचे करने का बटन कहाँ है? ऊपर ही है ना?” दुसऱ्या मशीनवर ते बटण समोरच होतं. तिसऱ्यात ते पडद्याच्या आत, चार दारं उघडल्यावर सापडत होतं.

“और सर, ये वाला थोड़ी देर न बजाओ तो अपने आप सो जाता है,” दुकानदार दुसऱ्यावर हात ठेवून सांगत होता. “सेल बचते हैं.” मेश्रामजी त्याला काहीतरी खोदूनखोदून विचारत राहिले. माझं लक्ष नव्हतं. मी शेवटचं एकदा चाक फिरवून घेत होतो.

“सरजी, तुम्ही मशीनचा चेहरा काहून पाहून राहिले? गाणाऱ्याचा गळा पाहा,” ते म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्रत्येक दुकानात, प्रत्येक कुटुंबाला ते हेच सांगत.

दुसरा घेतला. कुमुद आमच्याबरोबर आली होती, तिला पुढच्या दुकानातून अस्तर घ्यायचं होतं. मेश्रामजी तिच्याकडे वळले. “दीदी, एक टिकली द्या.” तिनं पर्समधलं पाकीट काढलं. त्यांनी एक लाल टिकली घेतली आणि मशीनवर डेमोचं जे बटण असतं त्यावर चिकटवली. ते बटण चुकून दाबलं गेलं तर भैरवीच्या मध्यात मशीन स्वतःची विदेशी बँडबाजा धून वाजवू लागतं. त्यांनी निवडलेल्या प्रत्येक मशीनवर ही टिकली असायची आणि ती त्या त्या घरच्या बाईकडूनच मागून घेतलेली असायची. गोरखपूरमध्ये अशा किती घरच्या टिकल्या एका माणसाच्या बोटाने लागल्या असतील, याचा मी कधीकधी विचार करत असे. कुमुद म्हणे, “तुम्हाला दुसरा उद्योग नाही का?”

पहिल्या तालमीला मीच कीबोर्डवर बसलो. कुमुदची पट्टी काळी पाच. लग्न झालं तेव्हापासून काळी पाच. मी सूर धरला, ती गायली, अंतऱ्यात वर जाताना तिचा आवाज जरा फाटला. ती पाणी प्यायली. पुन्हा फाटला. मी म्हटलं, “रियाज नाही, दुसरं काही नाही.”

मेश्रामजी मागे खुर्चीवर बसले होते. ते उठून आले, कीबोर्डशी न येता तिच्याजवळ गेले आणि विचारलं, “दीदी, आज गला कैसा है?”

कुमुदनं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, “खरं सांगू भाऊ, वरचं आता जड जाते.”

“मग जाऊ द्या ना जी, काहून ओढून राहिल्या? सरजी, जरा सरका.”

मी सरकलो. त्यांनी बटण दोनदा दाबलं, पांढरी एक धरून अंदाज घेतला, मग आणखी दोनदा. तीन बोटांनी तेच गाणं वाजवलं. साथ म्हणून ती भिकार होती. हरकती नाहीत, मींड नाही, डावा हात मांडीवर. आणि कुमुद असं गायली की चहा घेऊन आलेल्या काकू दारातच उभ्या राहिल्या. पांढरी एकपासून चारदा खाली, म्हणजे काळी चार. माझ्या काळी पाचपेक्षा दोनच अर्धे सूर खाली. ते मलाही करता आलं असतं, बटणाशिवाय. मला बाराही पट्ट्या येतात. पण मला कुणी विचारलं नव्हतं आणि विचारायचं मीच असतं हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

त्यानंतर कुमुदच्या साथीला मेश्रामजी बसू लागले. कुणी ठरवलं नाही, ठराव झाला नाही. माझ्याकडे निवेदन आलं. “पुस्तकं वाचलेला माणूस आहे,” देवपुजारी म्हणाले. मी गाण्यांच्या आधी दोन दोन मिनिटं बोलायचो आणि बोलताना पाहायचो तर मेश्रामजींचं बोट पट्टीवर टेकलेलं. मलाही दाद! माझं बोलणं त्या दिवशी जरा लांबायचं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

घरी कुमुद सांगे, “आज भाऊंनी अर्धाच खाली केला, म्हणाले सर्दी उतरली तुमची.” मी पेपर वाचत असे. तिच्या सर्दीची बातमी मला मेश्रामजींकडून मिळायची.

ते गेले ते दुपारी, जेवण झाल्यावर, खुर्चीत बसल्याबसल्या. गोरखपूरमधल्या किती मशीनचे मालक पोचवायला आले होते हे सांगता येणार नाही, पण गाड्या कोपऱ्यापर्यंत उभ्या होत्या. शोकसभेत कुमुदनं एक अभंग गायचा आणि साथ मी करायची असं ठरलं. दुसरं कुणी नव्हतंच. सभेआधी मी कीबोर्ड लावला. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, “दोन खाली करून ठेवा.” मी करून ठेवलं. माझी बोटं काळी पाचवर राहिली, आवाज काळी चारचा. एवढी तडजोड मेलेल्या माणसासाठी करता येते.

मग देवपुजारी बोलले. मग उपाध्यक्ष. मग विजेच्या खात्यातले एक साहेब, त्यांनी मेश्रामजींची तुलना दीपस्तंभाशी केली आणि दीपस्तंभापासून ते खात्याच्या इतिहासाकडे वळले. मी आदरानं हात मांडीवर ठेवून बसलो होतो. शेवटी कुमुद उभी राहिली. मी पट्टी दाबली. काहीच वाजलं नाही. मशीन झोपलं होतं.

तेव्हा मला ते बोट आठवलं. इतकी वर्षं मेश्रामजी कुणालाच दाद देत नव्हते. देवपुजारींना नाही, मला तर नाहीच. ते मशीन जागं ठेवत होते. झोपलं की ते लावलेला सूर विसरतं.

मी घाईनं चालू केलं आणि सूर दिला. काळी पाच, जशी कारखान्यातून आली तशी. कुमुदनं तोंड उघडलं, मिटलं. ती माझ्याकडे वळली आणि मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत तिला विचारलं, “आज गळा कसा आहे?”

तिनं वाकून टिकलीच्या शेजारचं बटण स्वतःच्या बोटानं दोनदा दाबलं आणि गायली. मी दोन्ही हातांनी वाजवलं. हरकती घेतल्या नाहीत. लोकांनी डोळे पुसले. बाहेर पडताना एकजण दुसऱ्याला म्हणत होता, “क्या मीठी मशीन है!” दुसरा म्हणाला, “मेश्रामजी की चुनी हुई है.”

परत येताना रिक्षात, गढ्याच्या वळणाशी मी म्हटलं, “चांगलं झालं आज.”

“झालं ना,” ती म्हणाली. “पण रडून गळा बसला होता. भाऊ असते तर त्यांनी तीन केले असते.”

काळी पाचपासून तीन खाली म्हणजे पांढरी पाच. घरी आल्यावर मी माझ्या पेटीवर ती धरली आणि तिला गायला सांगितलं. बरोबर होतं.