घाटातले तीन दशांश

आमच्याकडे बैलगाड्यांच्या शर्यतीचा चढाचा घाट फुटात मोजतात, गाड्याची बारी सेकंदात आणि बैलाचं वय दातांवर. मी ओतूरला विज्ञान शिकवतो, म्हणून गावच्या यात्रेत घड्याळ माझ्या हातात देतात. घाटाच्या वरच्या टोकाला उभं राहायचं. खाली निशाण पडलं की अंगठा दाबायचा, गाडा वरच्या रेषेवर आला की पुन्हा दाबायचा. यात काय चुकायचंय, असं मला वाटायचं.

त्या वर्षी राजुरीचे एक गाडामालक बारीआधी माझ्याजवळ आले. त्यांचा पांढरा बैल वयानं उतरणीला लागला होता. "सर, आज पयला आला तर मरंस्तवर माझ्या दारात. न्हाईतर इकायचा. घरात शब्द दिलाय," ते म्हणाले.

त्यांची बारी बारा सेकंद सहा दशांशात झाली. बघणारे हरखले. शेवटचा गाडा माझ्या मामाचा. नेमका कुणीतरी खाली भंडारा उधळला, सगळं पिवळं झालं आणि निशाण दिसेना. निशाण पाडताना देतात ती खालची आरोळी कानावर आली तसा मी अंगठा दाबला. बारा सेकंद चार दशांश. मामा पहिला! बक्षिसाची ढाल डोक्यावर घेऊन तो नाचला, मीही नाचलो.

यात्रेनंतरच्या बुधवारी सकाळी कुकडी नदीच्या काठाला उभा होतो. पलीकडे एक बाई गोधडी बडवत होती. तिचा हात खाली आलेला आधी दिसायचा, आवाज मागाहून यायचा. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आलोय, पण त्या दिवशी भंडाऱ्यातली ती आरोळी आठवली. बाकी साऱ्या बाऱ्यांना मी डोळ्यानं घड्याळ सुरू केलं होतं, मामाच्या बारीला कानानं. घड्याळ उशिरा सुरू झालं, म्हणजे वेळ कमी भरली.

तसंच तिथून मामाकडे जायला हवं होतं. पण मला आकडा हवा होता. शाळेची टेप नेऊन घाट मोजला. लोक साडेतीनशे फूट म्हणतात, तो एकशे सहा मीटर भरला. आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो, म्हणजे फरक तीन दशांशांचा. मग शंका आली, माझा अंगठाच सुस्त असेल तर? दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याला वरून पट्टी सोडायला लावली आणि ती चिमटीत पकडून बघितली, एकदा नाही, चाळीस वेळा. अंगठा ठीक निघाला. खरं सांगतो, मजा येत होती. मामा दोन दशांशांनी जिंकला होता आणि तीन मी त्याला फुकट दिले होते.

शुक्रवारी मामाला सांगितलं. तो शिव्या घालेल असं वाटलं होतं. त्यानं भिंतीवरची ढाल उतरवली आणि गाडी काढली.

राजुरीला गोठ्यात एक खुंटा रिकामा होता. मालक ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं, भंडारा, आरोळी, मीटर, सेकंद. त्यांनी मन लावून ऐकलं.

"म्हंजे आवाज खरंच मागनं येतो?"

"येतो."

"तुमी बी तसंच आला, सर. काल सकाळी दिला त्याला."

बुधवारी निघालो असतो तर बैल दारात असता.

"पावणं, कुनाला दिला?" मामानं विचारलं.

"मंचरच्या एका बागायतदाराला."

"बसा गाडीत. बगू, देतो का माघारी."

ते पुढे बसले. मी मागे, ढाल मांडीवर घेऊन. गाडी हायवेला लागली आणि मला कळायच्या आत मी कडेचे किलोमीटरचे दगड मोजायला लागलो, या वेगानं मंचर किती मिनिटांत येईल म्हणून. ओठ हलत असावेत. मामानं आरशातून पाहिलं.

"आता तरी मोजू नगं," तो म्हणाला.