सुनंदाचे पेरू आणि मऊ पायडल

ट्रकचे ब्रेक दुरुस्त करायला मेकॅनिक लागत नाही, असं माझं ठाम मत होतं.

आमच्या जुन्या छोट्या ट्रकच्या मागच्या चाकातून ब्रेकचं तेल गळत होतं. मी चाक उघडलं, आतली रबरं बदलली, सगळं परत बसवलं आणि शेवटी हातात एकही नट उरला नाही (हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं). आता फक्त नळीत शिरलेली हवा काढायची होती. ती राहिली की पायडल मऊ पडतं. उशीवर पाय दिल्यासारखं ते खाली जातं आणि ट्रक आपल्या मर्जीने पुढे जात राहतो.

दिवस मात्र मी असा निवडला होता की विचारू नका. माझ्या बायकोने, सुनंदाने, सगळ्यांचा विरोध पत्करून (सगळे म्हणजे मी) उसाच्या रानाचा एक तुकडा मोडून पेरू लावले होते. त्यांचा पहिला तोडा त्याच सकाळी झाला होता. क्रेट भरून दारात तयार होते आणि दुपारच्या लिलावाआधी ते सांगवीहून बारामतीच्या बाजारात पोचायला हवे होते. लिलाव चुकला असता तर उसाची बाजू घेणारा मी जिंकलो असतो, आणि जन्मभर स्वतःच्या हाताने भाकऱ्या थापत बसलो असतो!

"शेजारचा टेम्पो सांगू का?" सुनंदाने विचारलं.

"कशाला? एवढंसं काम हाय. तू फकस्त पायडल दाब."

हवा काढायला दोघं लागतात. एकाने वर बसून पायडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकाशी पडून बारकासा नट सैल करायचा. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. खालच्याने नट परत आवळला की मगच वरच्याने पाय उचलायचा. आधीच उचलला तर बाहेरची हवा सुर्रकन आत शिरते आणि मेहनत वाया. हे सगळं मी सुनंदाला शिकवणी घेतल्यासारखं समजावून सांगितलं आणि ट्रकखाली शिरलो.

"दाब."

"दाबलं."

बुडबुडे आले. पुन्हा आले. मग नुसतं तेल आलं. मी रुबाबात बाहेर निघालो, वर चढून पायडल दाबलं, तर उशीच!

मग मी ब्रेकच्या तेलाची टाकी संशयाने बघितली आणि काठोकाठ भरली. परत खाली गेलो. पुन्हा उशी. मग मला तेलच भेसळीचं वाटायला लागलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा डबा आणला, जुनं तेल काढून नवं भरलं. तरीही उशी, आणि आता जरा जास्तच आरामदायक. मग मी चारही चाकांची हवा काढायला घेतली. मागे हटणं आमच्या घराण्यात नाही (आमच्या ट्रकलाही रिव्हर्स गिअर पडत नाही).

ट्रक उभा होता घरासमोर, रस्त्याच्या कडेला. ट्रकखाली माणूस पडलेला दिसला की आमच्या गावात कुणी चौकशी केल्याशिवाय पुढे जात नाही. मला खालून फक्त चपला दिसत. चपला यायच्या, थांबायच्या, ब्रेकविषयी मत द्यायच्या आणि जायच्या. तिसऱ्या चाकाशी होतो तेव्हा माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या, करकरत्या चपला येऊन थांबल्या.

"काय झालं रं?"

"काय न्हाय तात्या. हवा काढतोय."

आणि नटाच्या तोंडाशी आलेला तेलाचा थेंब माझ्या डोळ्यांदेखत उलटा आत गेला.

मी नट आवळून ट्रकखालून डोकं बाहेर काढलं. वर केबिनमध्ये सुनंदा डोक्यावर पदर घेऊन, जागा सोडून, कमरेत वाकून उभी होती. तात्या पुढे जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

"तू पाय काढलास व्हय?"

"मग? तात्या खाली उभे आन मी वर बसून ऱ्हाऊ?"

"अगं, नट आवळल्याबिगर पाय काढायचा न्हाय, म्हणून सांगितलं व्हतं ना?"

"तुमी हवेचं सांगितलं व्हतं. तात्यांचं न्हाय सांगितलं."

सकाळपासून तिच्या एका चुलतसासऱ्यासाठी, दोन चुलतसासवांसाठी आणि एका निवृत्त गुरुजींसाठी पायडलवरचा पाय उचलला गेला होता. एकेका वडीलधाऱ्याबरोबर आमच्या ब्रेकमध्ये हवा शिरत होती. मला राग आला. पण ती बसून राहिली असती तर संध्याकाळी तात्यांनी मलाच बोलावून घेतलं असतं.

"सरक. मी बसतो वर," मी म्हणालो. "मी कुणासाठी उठत न्हाय."

सुनंदा पदर खोचून पाना घेऊन खाली गेली. मी पायडल दाबून धरलं. तिने नट सैल केला. तेवढ्यात समोर मोटारसायकल थांबली. लेकीचा पहिला माल बघायला पळसदेवहून माझे सासरे आले होते.

"काय जावईबापू, जोरात काम चाललंय."

यानंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही. भानावर आलो तेव्हा मी रस्त्यावर होतो, वाकलेला होतो आणि माझे दोन्ही हात सासऱ्यांच्या पायांवर होते. ट्रकखालून अगदी शांत आवाज आला.

"अहो, तेल आत गेलं."

सासरे ट्रककडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले. ऊन डोक्यावर आलं होतं. सुनंदा बाहेर आली, क्रेटवरचं ओलं गोणपाट तिने सारखं केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आबांना आणा."

आबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. आख्ख्या आळीत त्यांच्याहून मोठं माणूस उरलेलं नाही, त्यामुळे उठून उभं राहण्याची सवय त्यांची कधीच मोडली आहे. मी आणि सासऱ्यांनी मिळून त्यांना केबिनमध्ये चढवलं. आबांनी धोतर सावरलं आणि पायडल दाबलं. तात्या परत आले, आबा हलले नाहीत. गावातले पुढारी गाडीतून हात जोडत गेले, आबांनी नुसती मान हलवली.

"आबा, आता सोडा," चौथ्या चाकाची हवा काढून झाल्यावर मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे. हितं वारं बरं लागतंय."

आबांना उतरवून मी पायडल दाबलं. दगडासारखं घट्ट! लिलाव सुरू व्हायच्या बेताला आम्ही बारामतीत पोचलो. सुनंदाच्या पेरूंभोवती व्यापारी जमले, आणि मला मनापासून आनंद झाला. (थोडं वाईटही वाटलं, पण ते उसाच्या वतीने.)

परतताना कालव्याच्या पुलावर मेंढ्या आडव्या आल्या. ब्रेक कचकन लागला. माझी छाती फुगली. एक गोष्ट मात्र मनात सलत होती.

"सकाळपासून मी इतक्यांदा पाना घ्यायला बाहेर आलो, तुझ्यासमोर उभा ऱ्हायलो," मी म्हणालो. "तवाबी पाय उचलला व्हतास का?"

"तुमच्यासाठी?" सुनंदाला मनापासून नवल वाटलं. "न्हाय बा. एकदाबी न्हाय."

ब्रेकमध्ये हवा शिरेल एवढा मान मला माझ्या घरात अजून मिळालेला नाही, आणि रस्त्यावरच्या सगळ्यांच्या जिवाचा विचार केला तर ते बरंच आहे.